मोठा रेणू, लवकर प्रतिध्वनी

८ जानेवारी

दादा,

हे पत्र आईच्या सांगण्यावरून लिहितेय. माझ्यावर असतं तर तुला माझं अक्षरही दिसलं नसतं. त्यामुळे नमस्कार, तब्येत, हवापाणी हे सगळं तिच्याकडून आलंय असं समज. ती समोरच्या खुर्चीत बसून मी खरंच लिहितेय की नुसती रेघोट्या मारतेय ते बघतेय. मेल कर म्हटलं तर नको म्हणाली. मेल तू वाचतोस की तुझं ऑफिस, याची तिला खात्री नाही.

मार्चच्या परिषदेत उद्घाटनाचं भाषण तुझं आहे, हे कळलं. पत्रिकेवरचा फोटोही पाहिला. केस बरे रंगवलेस. विषय अर्थातच तुझा तो जगप्रसिद्ध प्रतिध्वनी. रेणूला लेसरचा एक धक्का द्यायचा, इलेक्ट्रॉन डुलायला लागतात, हळूहळू शांत होतात, आणि मग कुणी बोटही न लावता एकदम पुन्हा उसळी मारतात. त्यांना जुना धक्का आठवतो, असं तू म्हणालास. झालं, वर्तमानपत्रांना एवढं पुरलं. इलेक्ट्रॉनांना स्मरणशक्ती असते आणि ती तू शोधलीस. आमच्या कॉलेजातल्या प्राचार्यांनीसुद्धा मला विचारलं, "हे तुमचे कोण?" मी म्हटलं, आडनावबंधू.

आणि ही उसळी दुसऱ्या कुणालाच सापडत नाही, हेही वाचलं. त्या दोन परदेशी गटांनी तुझंच समीकरण घेतलं, तुझेच आकडे घेतले, आणि त्यांना मिळाली सपाट रेघ. तू छापून उत्तर दिलंस की त्यांची गणितं पुरेशी बारकाईची नाहीत. वाचून मी इतकी हसले की आई आतून विचारायला आली.

त्यांना ती का मिळत नाही, ते मला माहीत आहे दादा. जगात बहुतेक मला एकटीलाच. आईला मी सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, आधी त्याला सांग, तुझा भाऊ आहे तो. कशाच्या आधी, ते आमचं आम्हाला ठाऊक. तर हे घे, सांगितलं: तुझ्या कामात चूक आहे. कुठे आहे ते आज सांगणार नाही. जरा शोध. तुझ्याकडे माणसं आहेत, मोठा संगणक आहे. माझ्याकडे लंबक आणि भिंगं आहेत आणि पहिल्या वर्षाची पोरं.

शेपूट

२३ जानेवारी

दादा,

तुझं पत्र आलं. "प्रिय शेपटे" वाचून अंगावर काटा आला. लहानपणी तुझ्या मागे मागे फिरायचे म्हणून ते नाव तू ठेवलंस. मागच्या पत्राखाली मी तेच लिहिलं, ते लाडानं नाही. तुला आठवावं म्हणून लिहिलं.

पत्राच्या दुसऱ्याच ओळीत "तुला नक्की काय सापडलंय?" आणि आईच्या तब्येतीची चौकशी सगळ्यात शेवटी. आईनं चष्मा लावून स्वतः वाचलं आणि घडी घालून माझ्या हातात परत दिलं. आता ती वॉकर न घेता चालते, तू विचारलंस म्हणून सांगते.

मधे एक वाक्य टाकलंयस: "मागचं उकरून कुणाचं भलं होणार, आपण आता पुढे बघू." वा. स्मृतीवर पोट भरणाऱ्या माणसानं हे म्हणावं! तर मी उकरतेच. वहिनीलाही वाचून दाखव, तिला हे तुझ्या तोंडून कधी कळलेलं नसणार.

तुझ्या घरच्या जेवणाच्या टेबलावर आपण दोघं बसायचो. तू गटाचा प्रमुख, मी तुझ्या हाताखालची करारावरची संशोधक. तुझं म्हणणं असायचं की प्रत्येक इलेक्ट्रॉनाच्या मागे धावायची गरज नाही, घनता कळली की पुरे, म्हणजे कुठे किती गर्दी आहे तेवढं. आणि इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात त्यासाठी लागणारी दुरुस्ती त्याच क्षणाच्या गर्दीवरून काढायची. सगळे तसंच करतात, स्वस्तात होतं. मी म्हणायचे, दादा, दाराशी गर्दी दिसतेय, पण ती आत शिरतेय की बाहेर पडतेय हे एका फोटोवरून कसं कळणार? आधीचे फोटो नकोत का? मुळात ती माणसं कुठून निघाली ते नको का? तू म्हणालास, "तू फार लांबण लावतेस."

ते लांबण मी एकटीनं लिहून काढलं. भूतकाळ साठवायचा कसा, त्याला वजन किती द्यायचं, प्रोग्रॅममध्ये तो बसवायचा कसा, सगळं. ते चालायला लागलं त्या दिवशी तू खुर्चीवरून उठून माझ्या पाठीवर थाप मारलीस. मग आई जिन्यात पडली. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि मी रजा घेऊन हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसले. तू एकदा आलास, फळं ठेवलीस, घड्याळ बघत गेलास. मी तिचं भांडं धूत होते आणि तू पेपर पाठवत होतास. तुझं नाव, तुझ्या विद्यार्थिनीचं नाव. माझं शेवटी, बारीक टाइपात, उपयुक्त चर्चेबद्दल आभार. चर्चा! मी तुझ्याशी गप्पा मारत होते म्हणे.

फोन केला तर म्हणालास, पुढच्या पेपरात घालू, एवढं काय मनाला लावून घेतेस, घरातलीच गोष्ट आहे. पुढचा पेपर यायच्या आधी माझा करार संपला आणि तू सही केली नाहीस. माझ्या तोंडाला पानं पुसलीस ती पुसलीस, वर घरात सगळ्यांना सांगितलंस की तिचं हल्ली कामात लक्ष नसतं.

मी तेव्हापासून तुला पाण्यात बघते. हे आईसमोर लिहितेय, तिला माहीत आहे. तुझा प्रत्येक सत्कार मी वाचला, प्रत्येक मुलाखत ऐकली, आणि दरवेळी देवाकडे एकच मागितलं, की याची फजिती माझ्या डोळ्यांदेखत होऊ दे. देवानं नाही ऐकलं. मग मी गणित करायला बसले.

चूक सांगीन. एका अटीवर. परिषदेत, भरल्या हॉलसमोर, तुझ्या तोंडानं सांगायचं की स्मृतीचं काम माझ्या बहिणीचं आहे आणि चूकही तिनंच दाखवली. नावानिशी. छापील तळटीप नको, खासगीतलं सॉरी नको. हो म्हणतोस का ते कळव.

शे.

७ फेब्रुवारी

दादा,

स्वतः यायचं सोडून वहिनीला पाठवलंस. ती बिचारी एवढ्या लांब आली आणि सोफ्याच्या कडेवर बसली, अर्धी उठलेली. म्हणाली, त्यांना झोप नाही, चिडचिड करतात, तुम्ही बहीण-भाऊ आहात, मिटवा. मी विचारलं, त्यांनी हो म्हटलंय का? ती म्हणाली, "म्हणतील हो, तुम्ही आधी सांगा तरी." मी कपाळाला हात लावला. आई मात्र विरघळली. वहिनी गेल्यावर मला म्हणाली की वाईट वागला तो, पण त्याला तोंडघशी पाडून तुला काय मिळणार, सांगून टाक आणि बघ काय करतो ते. मोठा आहे तो. हे "मोठा आहे तो" मी जन्मापासून ऐकतेय. मोठा तुकडा त्याला, खिडकीची जागा त्याला, शिकायला बाहेर जायचा मान त्याला.

पण आधी तुला सांगीन असा शब्द मी आईला दिला होता. म्हणून सांगते. नीट बस आणि वाच.

मोठ्या संगणकावर एका वेळी ठरावीक तासच मिळतात. वेळ संपली की काम तोडतात. पुन्हा रांग लावायची आणि जिथं थांबलं तिथून पुढे सुरू करायचं. तुझं एकेक गणित असं कितीतरी वेळा तुटतं आणि जोडलं जातं. बरोबर? आता जोडताना इलेक्ट्रॉन या घडीला कुठे आहेत एवढंच जपून भागत नाही. ते इथवर कसे आले, तो मागचा सगळा प्रवासही जपावा लागतो, नाहीतर स्मृतीचं गणित कशाच्या जोरावर करणार? माझा एक भाग फक्त तेवढंच काम करायचा. काम तुटायच्या आधी भूतकाळ जपून ठेवायचा आणि जोडताना परत द्यायचा. फायली अवाढव्य व्हायच्या आणि तू कुरकुरायचास, आठवतं?

मी गेल्यावर तू प्रोग्रॅम साफ करून घेतलास. माझं नाव ज्या ज्या भागाच्या माथ्यावर होतं तो तो भाग एकतर दुसऱ्या नावानं लिहिला गेला नाहीतर उडाला. हा उडाला, तू जगासाठी खुल्या केलेल्या प्रतीत मी शोधून बघितला. जड होता, हळू होता, आणि वर माझं नाव होतं. तो काढल्यावर काही बिघडलेलं दिसलं नाही, कारण प्रोग्रॅम मुकाट चालतो. फक्त काम दरवेळी पुन्हा सुरू झालं की तुझ्या इलेक्ट्रॉनांची पाटी कोरी. मागचं काही म्हणजे काही आठवत नाही. त्यांच्यावरची दुरुस्ती एका क्षणात बदलते, त्यांना हिसका बसतो, आणि ते उसळतात.

हाच तुझा प्रतिध्वनी. त्यांना काही आठवलं म्हणून ते उसळले, असं तू जगाला सांगितलंस. ते विसरले म्हणून उसळले रे.

आणि तुझा तो नियम! मोठा रेणू, लवकर प्रतिध्वनी. यावर तुला पदक दिलं. अरे, मोठ्या रेणूचं गणित सावकाश चालतं. म्हणून मिळालेल्या तासांत ते थोडंच पुढे सरकतं, म्हणून लवकर तुटतं, म्हणून उसळी लवकर. निसर्गाचा नियम म्हणून तू जो छापलास तो संगणक केंद्राच्या वेळापत्रकाचा नियम आहे. त्या परदेशी लोकांना सपाट रेघ मिळते कारण त्यांचा संगणक दांडगा आहे, त्यांचं काम मधे तुटतच नाही. हे कळलं तेव्हा मी वर्गात होते, लंबकाचा आंदोलनकाळ शिकवत होते, आणि मला फळ्याकडे तोंड करून हसू दाबावं लागलं.

विश्वास नसेल तर करून बघ. एका रेषेवर दोन इलेक्ट्रॉन घे. एवढ्याचं नेमकं उत्तर माझ्या घरच्या खटाऱ्यावरही निघतं. मी केलंय, आलेख सोबत आहे. निळी रेघ खरी. लाल रेघ तुझ्या पद्धतीची. मुद्दाम मी वाटेल तिथे काम तोडलं. जिथं तोडलं तिथं उसळी, सांगेन तिथं. भूतकाळ जपला की लाल निळीवर जाऊन बसते.

आता अट. मी माझं बोलून बसले. तुझं बाकी आहे. आणि पेपरावर तुझ्यामागे जिचं नाव आहे त्या, फोटोतल्या चष्मेवाल्या विद्यार्थिनीला आज, उद्या, लगेच सांग. तिचा सगळा प्रबंध या उसळीवर उभा आहे. तिचं माझ्याशी वैर नाही.

शे.

१७ फेब्रुवारी

दादा,

फोनवर तू जे बोललास ते मी इथं लिहून पाठवतेय, म्हणजे मी वेगळं ऐकलं असं पुढे व्हायला नको. फोन आईनं स्पीकरवर ठेवला होता, तेही कळव म्हणाली.

तू म्हणालास, करून पाहिलं, तसंच येतं. मग म्हणालास की मी संपलो. मला वाटलं होतं हे ऐकून मला नाचावंसं वाटेल, आणि खरं सांगू, वाटलं. एकदम गोड वाटलं. तुझा आवाज बाबा गेले तेव्हा जसा झाला होता तसा झाला होता, तरीही.

मग तू रडलास आणि म्हणालास, "तुझं नाव घेईन. सगळ्यांसमोर. आईची शपथ." आई समोरच होती. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, बास, एवढंच हवं होतं हिला. तू फोन ठेवल्यावर तिनं चहा केला. कपाटातले चांगले कप काढले. मी प्यायले तिच्यासाठी.

मी परिषदेला येतेय. नोंदणी केलीय. मागच्या रांगेत बसेन, तुला अडचण नको.

शे.

३ मार्च

दादा,

काल तू बोललास छानच. कोट शोभत होता. आधी तो उसळीचा आलेख दाखवलास, सगळे ओळखीनं माना हलवायला लागले, मग पाणी प्यायलास आणि म्हणालास, "हा आलेख चुकीचा आहे." हॉल असा गार झाला. मला वाटलं, आता येईल. आता म्हणेल.

तू म्हणालास, "गेल्या महिन्यात जुनी कामं पुन्हा तपासताना माझ्या मनात एक शंका आली."

तुझ्या मनात.

मग एका रेषेवर दोन इलेक्ट्रॉन आले. निळी रेघ आली, लाल रेघ आली. रंग तरी बदलायचेस. मग वेळापत्रकाचा विनोदही माझाच केलास, संगणक केंद्राचा नियम वगैरे, आणि लोक खळखळून हसले. आणि तो भाग प्रोग्रॅममधून कसा गेला ते सांगताना म्हणालास की एका विद्यार्थिनीच्या हातून अनवधानानं काढला गेला, पण जबाबदारी माझी. काय तो मोठेपणा! मी चष्मेवालीकडे बघत होते. ती पाचव्या रांगेत होती. आजूबाजूचे वळून तिच्याकडे बघायला लागले आणि तिनं मान खाली घातली.

मी तरी थांबले. म्हटलं शेवटी आभाराला घेईल. आभाराची यादी आली. संस्था, संगणक केंद्र, सहकारी, वहिनीचा संयम. संपलं. सगळा हॉल उभा राहिला. अध्यक्ष म्हणाले की एवढा प्रामाणिकपणा आपल्या क्षेत्रात विरळा. लोक टाळ्या वाजवत होते आणि तू छातीवर हात ठेवून वाकत होतास. वहिनीनं एकदा मागे वळून मला शोधलं. नजर भेटल्यावर तिनं तोंड फिरवलं.

बाहेर चष्मेवाली जिन्याशी उभी होती. मला ओळखत नव्हती. मी माझं नाव सांगितलं तर तिचा चेहराच उतरला. म्हणाली, "मॅडम, तुमचा भाग काढू नका असं मी म्हटलं होतं. सरांनीच काढायला लावला." आणि ही चूक तुला महिनाभर माहीत होती, हे तिला त्या हॉलमध्ये सगळ्यांबरोबर कळलं. तू तिला सांगितलंसुद्धा नव्हतंस.

आता तुला न सांगितलेली गोष्ट. चूक, तिचं कारण, दोन इलेक्ट्रॉन, निळी रेघ, लाल रेघ, सगळ्याचा लेख मी नोव्हेंबरातच मासिकाकडे पाठवला होता. परीक्षकांनी तो पास केला. प्रूफं माझ्याकडे पडून होती, फक्त माझी शेवटची संमती जायची होती. आई आडवी आली. त्याला आधी सांग, म्हणाली, त्याला एक संधी दे, तो नाव घेईल, मी ओळखते माझ्या मुलाला. म्हणून ती सगळी पत्रं. तू "माझी बहीण" एवढं म्हणाला असतास तर मी लेख मागे घेणार होते. आपण दोघांच्या नावानं दुरुस्ती छापली असती. तुझं नाव आधी घातलं असतं, मोठा म्हणून.

मासिकात लेखाच्या माथ्यावर तो मिळाल्याची तारीख छापतात. तुझ्या मनात शंका आली गेल्या महिन्यात. काल हॉलमधल्या प्रत्येकानं ते तुझ्या तोंडून ऐकलंय. आता ते सगळे नोव्हेंबर वाचतील आणि तेच आलेख बघतील. मागच्या वेळी तू माझं काम घेतलंस ते घरातल्या घरात दडपलं गेलं. या वेळी तू ते माइकवर केलंस.

तरी मी तिथल्या तिथे संमती दिली नाही. मला द्यायची होती, बोट शिवशिवत होतं. पण तिला विचारल्याशिवाय देणार नाही, असा शब्द आईला दिलेला. म्हणून कॉरिडॉरच्या खिडकीत उभी राहून मी तिला फोन लावला. ती फोनपाशीच बसली असणार, पहिल्याच रिंगला उचलला.

"नाव घेतलं का गं त्यानं?"

मी म्हटलं, नाही.

ती म्हणाली, शेवटी तरी घेतलं असेल, तुला ऐकू आलं नसेल, तू मागे बसली होतीस. मी सगळं सांगितलं. शंका त्याच्या मनात आली, हे सांगितलं. पोरीवर ढकललं, तेही.

"माझी शपथ घेतली होती त्यानं," ती म्हणाली. "दे छापायला."